कानाला खडा

गोपी टँकच्या ओट्यावर एकतीस वर्षं
मी जिताड्याचं डोकं मधोमध फोडत आले.
डोकं कालवणाला, नाहीतर मांजराला.
त्याच्या कानात दगड असतो
हे मला नवापूरच्या एका पोरीनं सांगितलं.

जयवंती गावित. वर्सोव्याला माशांचं शिकते.
चिमट्यानं तिनं तो अलगद काढला:
काकडीच्या बीएवढा, पांढरा, एका कडेला करवतीचे दात.
म्हणाली, मावशी, झाडाच्या खोडात असतात तशी
यातही वलयं असतात.
गोड्यात किती राहिला, खाऱ्यात किती,
सगळी नोंद यात.

मी हसले. आपल्याकडे माणूस चुकतो,
मग कानाला खडा लावतो.
या मुक्यानं काय केलं होतं
की जन्मापासून लावून फिरतो?

घरी सासऱ्यांची तपकिरीची डबी उघडली.
असलेच सात खडे.
मूतखड्यावर उगाळून द्यायचे ते,
कशाचे, ते मी कधी विचारलं नाही.
मिठीत पाग टाकायचे, कुर्ल्याच्या पुलाखाली.
तळ दिसायचा म्हणायचे.
मला वाटायचं, म्हातारा थापा मारतो.

चार महिन्यांनी जयवंती कागद घेऊन आली.
डबीतले सातही खडे सांगत होते:
लहानपण गोड्यात,
विहारकडून उतरणाऱ्या पाण्यात.
मग खाडी. मग खाडीचं तोंड,
जिथं जन्म, तिथंच बाळंतपण,
पोरी माहेरी जातात तशा.
आणि माझ्या ओट्यावरचे चाळीस खडे?
खारं. खारं. खारं.
एकालाही नदी ठाऊक नाही.
नदीला भिंती घातल्या,
विमानांच्या खालून तिला काटकोनात वळवली,
पिल्लांनी वर चढायचं कुठून?

आणखी एक सांगितलं तिनं,
ते मात्र मला कोयत्यानं आधीच शिकवलं होतं:
मोठा झाला की जिताडा तो राहत नाही,
ती होते.
मोठ्याच्या पोटात गाभोळीच निघते.
आणि हॉटेलवाल्याला मोठाच लागतो.

चैत्राच्या उधाणाला मोरेश्वरच्या जाळ्यात
नऊ किलोची आली. जिवंत.
होडीच्या तळावर शेपटी आपटत होती,
धक्क्यावर बोली सहा हजारांवर गेली होती.
मी म्हणाले, सोड.
का म्हणाले, मलाच कळलं नाही.
त्यानं सोडली.
दोन दिवस माझ्याशी बोलला नाही पोरगा.
इंजिनाचा हप्ता होता.

त्यानंतर पावसाळा सरता सरता
जयवंतीनं टबांतून बोटभर पिल्लं आणली, दोन हजार.
रंगाच्या पाण्यात ठेवली होती म्हणे,
कानातल्या खड्यात लाल कडं राहतं त्यानं,
म्हणजे पुढं कधी सापडली तर ओळखू येतील.
तिवरांच्या मुळांत आम्ही ती सोडली.
चिखल गुडघ्यापर्यंत, डास तोंडात.
मोरेश्वर पण आला होता. टब उचलायला, म्हणाला,
तेवढ्यापुरता.
एक बगळा बाजूलाच उभा, त्याला आयतंच.
हाड हाड करून मी घसा बसवून घेतला.

आता डोकं फोडताना हात हळू धरते.
मोठी आली की भाव सांगत नाही,
विकणाऱ्यालाच चार शब्द ऐकवते, तो दुसरा ओटा गाठतो.
खडा धुऊन चिमटीत धरते,
पत्र्याच्या भोकातून ऊन येतं तिथं नेते.
लाल कडं नुसत्या डोळ्यांना दिसत नाही,
यंत्राखाली दिसतं, ठाऊक आहे मला.
तरी बघते.

तीन वर्षं झाली. अजून एकही नाही.
गिऱ्हाईक म्हणतं, मावशी, आटपा ना.
खडा डबीत टाकते.
तपकिरीचा वास अजून गेला नाही तिचा.